गुरुवारपासून किमो. चवथीचं काय करू?

सुरंग | ८ जून २०२५, रात्री ९:४०

नमस्कार. इथे आजवर नुसती वाचत आले, लिहायची पहिलीच वेळ. वय ४७, फोंड्याजवळ शाळेत मराठी शिकवते. मार्चमध्ये आंघोळ करताना उजव्या स्तनात गाठ हाताला लागली. २०२१ मध्ये 'स्वस्थ महिला, स्वस्थ गोवा' मोहीम आली तेव्हा शाळेतल्या सगळ्या बायकांना तपासणीला पाठवणारी मीच होते. माझा स्वतःचा नंबर त्या दिवशी लागला नाही, कारण पेपर तपासायचे होते. असो.

मे महिन्यात शस्त्रक्रिया झाली. गाठ २.८ सेंमी, काखेतल्या १४ लसिकागाठींपैकी २ मध्ये कर्करोगाचा शिरकाव. ईआर-पीआर पॉझिटिव्ह (म्हणजे हार्मोनवर वाढणारी गाठ), हर-टू हे प्रथिन निगेटिव्ह. आता येत्या गुरुवारी, १२ तारखेला पहिली किमो. एसी म्हणतात (दोन औषधांची जोडी) त्या चार, दर २१ दिवसांनी. नंतर पॅक्लिटॅक्सेल दर आठवड्याला, अशा बारा.

'खंबीर राहा' वगैरे पुष्कळ ऐकून झालंय, कृपया ते नको. मला तीन गोष्टी सांगा. एक, पोर्ट (किमोसाठी कातडीखाली बसवतात ती डबी) बसवावा की हाताच्या शिरेतूनच घ्यावी? दोन, पहिल्या आठवड्यात घरात काय काय असायला हवं? तीन, चवथ, म्हणजे गणेश चतुर्थी, २७ ऑगस्टला आहे. मूळ घर सावईवेऱ्याला, सगळे मिळून तीसेक माणसं. कालनिर्णयावर मी १ ते २१ आकडे घालत गेले, तर चौथी किमो १४ ऑगस्टला येते आणि चवथ बरोबर चौदाव्या दिवशी. जाता येईल का?

---

सांखळीची माई | ८ जून, रात्री १०:२५

बाय, मी २०१९ मध्ये हेच औषध घेतलं. आकडे घालून ठेवलेस ते बरं केलंस, मला ही अक्कल दुसऱ्या किमोनंतर आली.

एसीमधलं एक औषध कोकमाच्या आगळासारखं लाल असतं. त्या दिवशी आणि दुसऱ्या दिवशी लघवी लाल-नारिंगी होते. मला कुणी सांगितलं नव्हतं, मध्यरात्री घर डोक्यावर घेतलं. रक्त नव्हे ते, औषधाचा रंग.

ते लाल औषध चढत असताना बर्फाचे खडे चघळायचे, तोंड कमी सोलतं. उलटीची भीती सगळेच घालतात, पण गोळ्या आता चांगल्या आहेत. मला छळलं ते बद्धकोष्ठानं, आणि तेही त्या उलटीच्या गोळ्यांमुळेच. पहिल्या दिवसापासून डॉक्टरना विचारून रेचक घे, चौथ्या दिवसाची वाट बघू नकोस.

आणखी एक, ऐक. किमोच्या दिवशी आवडीचं काही खायचं नाही. मी पहिल्या दिवशी हौसेनं सुंगटांचं हुमण (कोळंबीची आमटी) खाऊन गेले. सहा वर्षं झाली, अजून त्या वासानं पोटात ढवळतं. पेज खा, उकड्या तांदळाची, वर आंब्याच्या लोणच्याचा खार. त्या पेजेवरनं मन उडालं तरी फारसं बिघडत नाही. (तेही खोटंच म्हणा, पेजेवाचून आमचं काय चालतं?) स्टीलचा चमचा लोखंड चाटल्यासारखा लागतो, लाकडी घे.

---

कुळागर | ९ जून, सकाळी ७:१०

पोर्टबद्दल मी सांगतो, माझ्या बायकोच्या हातावरचा डाग रोज बघतो म्हणून.

पहिल्या दोन किमो आम्ही एका खासगी रुग्णालयात घेतल्या. दुसऱ्या वेळी लाल औषध हाताच्या शिरेतून देताना सुई हलली. ही सांगत होती की आग होतेय. तिथली नर्स म्हणाली, 'थोडं होतंच', आणि फोन घ्यायला गेली. ते औषध शिरेबाहेर मांसात उतरलं की जाळत जातं. आधी लाल, मग काळं, मग जखम. भरायला पाच महिने लागले, दोन बोटं अजून पुरती वळत नाहीत. बिलात तो दिवसही धरला होता.

नंतर गोमेकॉत, म्हणजे सरकारी गोवा मेडिकल कॉलेजात, गेलो. बांबोळीला रांग आहे, बाकावर बसून पाय आखडतात, पोचायला पहाटेची कदंबा बस धरावी लागते, सगळं खरं. पण तिथल्या सिस्टरनी शिरा चाचपून बघितल्या आणि पहिलं वाक्य हे बोलल्या की आग झाली तर ओरडा, लाजू नका.

दीनदयाळ कार्ड (गोवा सरकारच्या आरोग्य विम्याचं) चालू आहे ना, ते आजच बघा. २०१६ मध्ये योजना आली तेव्हा तीन माणसांपर्यंतच्या घराला वर्षाला अडीच लाख आणि चार किंवा जास्त असतील तर चार लाख अशी मर्यादा होती. आमचं नूतनीकरण राहिलं होतं, ऐन वेळी धावपळ झाली. खासगीत जाणार असाल तर 'एका किमोचे किती' असं विचारू नका. औषध, खाट, रक्ततपासण्या, दुसऱ्या दिवशीचं इंजेक्शन, पोर्ट, सगळं धरून सोळा वेळांचे किती, हे कागदावर मागा.

---

सलाईन | ९ जून, दुपारी ३:०५

मी किमो देतात त्या डे-केअरमध्ये काम करते, कुठे ते सांगत नाही. कुळागरकाका, वाचून वाईट वाटलं. आग होते म्हटल्यावर थेंब तिथल्या तिथे थांबवायचा असतो, दुसरं काही नाही.

सुरंगताई, तुम्हाला सोळा वेळा सुई टोचायची आहे आणि उजव्या काखेतल्या गाठी काढल्यामुळे उजवा हात बाद. त्या हातावर सुई नको, बीपीचा पट्टाही नको, नाहीतर सूज धरण्याची भीती. म्हणजे एकाच हाताच्या शिरा उरतात, आणि लाल औषध शिरा कडक करतं. डॉक्टरना पोर्टबद्दल नक्की विचारा. डाव्या कॉलरबोनखाली कातडीच्या आत रुपयाएवढी डबी बसवतात, तिची नळी मोठ्या शिरेत असते. किमो संपल्यावरही काढेपर्यंत ठरावीक दिवसांनी धुऊन घ्यावी लागते, ते विसरू नका.

पहिल्या किमोआधी टू-डी इको झाला ना? लाल औषधाचा हृदयावर परिणाम होऊ शकतो, म्हणून आयुष्यभराची मिळून त्याची मर्यादा ठरलेली असते. दात किडलेला असेल तर आत्ताच दाखवा, मध्ये नाही.

घरात काय हवं? थर्मामीटर, चांगला, डिजिटल. सातव्या ते चौदाव्या दिवसापर्यंत पांढऱ्या पेशी सगळ्यात खाली असतात. १००.४ फॅरनहाइट दिसलं की रात्रीचे दोन असोत, रुग्णालय. सकाळची वाट नाही, आणि पॅरासिटामॉल घेऊन बघू हेही नाही. गोळीनं ताप दिसेनासा होतो, जंतू तिथेच असतात. ही गोष्ट मी सगळ्यांना सांगते आणि दर महिन्याला कुणीतरी सकाळी दहाला येतं, 'रात्री बरं वाटत नव्हतं' म्हणत.

पहिले दोन दिवस संडासात झाकण लावून दोनदा पाणी सोडा. पाणी पीत राहा.

---

शंकासुर | १० जून, रात्री ११:५०

माफ करा, कुणाला आवडणार नाही. पण शरीरात विष घालून बरं होणं मला कधी कळलं नाही. आमच्या वाड्यावर एकांनी लक्ष्मणफळ आणि गुळवेलीचा काढा घेतला, आज ठणठणीत आहेत. कंपन्या हे बाहेर येऊ देत नाहीत.

---

सलाईन | ११ जून, सकाळी ६:३०

शंकासुर, ठणठणीत आहेत त्यांची गाठ कसली होती, बायोप्सी झाली होती का, हे विचारून इथे लिहाल?

विष म्हणता ते खोटं नाही. भराभर वाढणाऱ्या पेशी मारणारं विषच आहे ते. केसांची मुळं, तोंडाची आतली त्वचा, रक्त तयार करणारी मज्जा याही भराभर वाढतात, म्हणून त्याही मार खातात. फरक असा की त्या पुन्हा उभ्या राहतात. एकवीस दिवस थांबतात ते त्यासाठीच. आणि झाडपाल्याचंच म्हणाल, तर सुरंगताईंचं पॅक्लिटॅक्सेल मुळात अमेरिकेतल्या यू नावाच्या झाडाच्या सालीतून मिळालं. तुमच्या अंगणातल्या सदाफुलीतून व्हिन्क्रिस्टीन निघतं, रक्ताच्या कर्करोगात मुलांना देतात. झाडपाल्याचं आम्हाला वावडं नाही. मोजून, शुद्ध करून, शिरेतून देतात, एवढंच. (सदाफुलीचा पाला कुणी उकळून पिऊ नका, हे वाचून पिणारे निघतील.)

आणि गुळवेल. २०२१ मध्ये मुंबईच्या डॉक्टरांनी गुळवेलीनं यकृताला इजा झालेल्या रुग्णांची नोंद छापली होती. किमोची बरीचशी औषधं यकृतातूनच निचरतात. घेत असाल तर घ्या, पण डॉक्टरपासून लपवू नका.

---

मूळची पेडण्याची | ११ जून, दुपारी १:२०

परळला टाटा रुग्णालयाच्या जवळ राहते, म्हणून नातेवाइकांचा मुक्काम कायम आमच्याकडे. दुसरं मत घ्यायचं असेल तर नुसता रिपोर्ट आणून भागत नाही, गाठीच्या तुकड्याच्या स्लाइड आणि ब्लॉक घेऊन या, ते पुन्हा तपासतात. कोकणकन्येत उपचारासाठी जाणाऱ्या कर्करोग रुग्णाला स्लीपर आणि थर्ड एसीला पूर्ण सवलत आहे, सोबत्याला पाऊण. डॉक्टरांचा रेल्वेच्या नमुन्यातला दाखला लागतो. माझ्या मामांनी चार फेऱ्या पूर्ण पैसे भरून केल्या, कुणी सांगितलंच नाही.

---

सुरंग | १६ जून, दुपारी ४:००

पाचवा दिवस. पोर्ट बसवला. किमो तीन तासांत आटोपली, आजूबाजूला दोघी बायका चवळीच्या भाजीवर वाद घालत होत्या. मी मनात काय काय चित्र रंगवलं होतं आणि तिथे हे.

दुसरा दिवस चांगला गेला, गालांवर लाली, भांडी घासली. सिस्टर म्हणाली ती स्टेरॉइडची ऐट. तिसऱ्या दिवशी कुणीतरी खालून बूच काढल्यासारखी शक्ती गेली. उलटी झाली नाही, पण फ्रीजचं दार उघडलं की पळावंसं वाटतं. बद्धकोष्ठ, माई, तू म्हणालीस तस्संच. मी चौथ्या दिवसाची वाट बघितली. ऐकायला हवं होतं.

नाचणीचं तिजान पोटात राहतं. सोलकढी तोंडात झोंबते.

भेटायला येणाऱ्यांचं काय करायचं? शेजारची एक 'कॅन्सर' म्हणत नाही, 'तें' म्हणते. 'तें कळलं तेव्हा मला जेवण गेलं नाही.' मग मीच तिची समजूत घातली.

---

कुळागर | १६ जून, रात्री ८:१५

दारावर पाटी लावा : 'डॉक्टरांनी बोलायला मनाई केली आहे'. आम्ही लावली होती. डॉक्टरांना माहीत नव्हतं, पण ते रागावले नसते.

---

सुरंग | २९ जून, सकाळी १०:३०

काल, सतराव्या दिवशी, केस गेले. उशीवर, पाण्याच्या जाळीत, पेजेत. डोक्याची कातडी दुखत होती, केस उलटे विंचरल्यावर दुखतात तशी. मुलगी दहावीत आहे, तिनं बापाचं दाढीचं मशीन आणलं आणि पाठीमागच्या पडवीत दहा मिनिटांत काम उरकलं.

मला भीती तिची नव्हती, सासूबाईंची होती. वय ८१. त्यांची आते लहानपणी विधवा झालेली, डोकं भादरलेली. ती मागीलदारी बसायची, देवघरात तिला येऊ देत नसत, हे आम्ही त्यांच्याकडून कितीदा ऐकलंय. आणि आता घरात सून तशी बसलेली, कुंकू लावून. मला वाटलं त्या नजर टाळतील.

त्या पडवीत आल्या. खाली पडलेले केस केरसुणीनं स्वतः गोळा केले, माझ्याकडे बघितलं आणि म्हणाल्या, "केंस येतले गो. म्हज्या आतयेचे केन्नाच येवंक दिले नात." आणि आत जाऊन पेज वाढली.

संध्याकाळी ओढणी बांधून बाजारात गेले. नेहमीच्या फुलवालीनं सवयीनं अबोलीची फाती उचलली, 'बाय, आज किती?' म्हणून, आणि मग तिचा हात तसाच राहिला. मी दोन घेतल्या. देवाला घातल्या.

---

सांखळीची माई | २९ जून, सकाळी ११:०५

तुझ्या सासूबाईंना माझा नमस्कार सांग.

---

शंकासुर | २९ जून, रात्री ९:००

वाचलं. वाड्यावरच्या त्या गृहस्थांना विचारलं. बायोप्सी झाली नव्हती.

---

सुरंग | २४ जुलै, दुपारी १२:४५

आज तिसरी होती, झाली नाही. रक्तात न्यूट्रोफिल (जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी) ८२०, डॉक्टरना निदान दीड हजार हवे होते. आठवड्यानं, ३१ ला. म्हणजे चौथी २१ ऑगस्टला आणि चवथ चौदाव्या दिवशी नाही, सातव्या. घरी आल्या आल्या कालनिर्णयावरचे सगळे आकडे खोडले.

खरं सांगते, गाठ कळली तेव्हा रडले नव्हते. आज रडले. तीस वर्षं माटोळीची, म्हणजे गणपतीवर टांगतात त्या चौकटीची, फळं मी बांधते. चौथी आणखी एक आठवडा पुढे ढकला, असं डॉक्टरना विचारू का?

---

सलाईन | २४ जुलै, दुपारी २:१०

विचारा, विचारण्यात काही नाही. पण रक्त कमी म्हणून थांबणं वेगळं आणि सणासाठी थांबणं वेगळं. बरं करण्यासाठी दिलेल्या किमोत वेळापत्रक हा औषधाचाच भाग असतो. ते बहुधा नाही म्हणतील. पुढच्या वेळेपासून किमोनंतर चोवीस तास उलटल्यावर पेशी वाढवणारं इंजेक्शन देतील. कंबर आणि मांड्यांची हाडं ठणकतात, घाबरू नका, मज्जा कामाला लागलेली असते.

सातव्या दिवशी तीस माणसांत, त्यातली पाच-सहा शिंकणारी पोरं, पावसाळा. मी माझ्या बहिणीला जाऊ दिलं नसतं.

---

सांखळीची माई | २४ जुलै, दुपारी ३:३०

मी गेले असते. मास्क लावून, पडवीत खुर्ची टाकून, आरतीपुरती. सगळंच सोडून दिलं तर कशासाठी एवढं करायचं? सलाईन, तू बरोबरच आहेस, पण मी गेले असते.

---

कुळागर | २४ जुलै, रात्री ९:४०

माई, २०१९ मध्ये तुम्ही गेलात?

---

सांखळीची माई | २४ जुलै, रात्री ९:५२

नाही. म्हणून तर.

---

सुरंग | ३१ ऑगस्ट, संध्याकाळी ५:२०

रुग्णालयातून लिहितेय, काळजी नको.

डॉक्टर पुढे ढकलायला नाही म्हणाले. चवथीला मी गेले नाही. नवरा, मुलगी, सासूबाई गेली. माटोळी पुतण्यानं बांधली, व्हिडिओवरून मी 'कांगलां डावीकडे, तोरिंजण मधी' करत होते, शेवटी त्यानं फोन भिंतीकडे तोंड करून ठेवला. सासूबाई त्याच संध्याकाळी परत आल्या. गेल्या ६० वर्षांत त्या चवथीच्या रात्री मूळ घराबाहेर झोपल्या नव्हत्या. येताना पातोळ्या आणल्या, हळदीच्या पानाचा वास मला सोसला. तीन खाल्ल्या.

परवाच्या शुक्रवारी, नवव्या दिवशी, रात्री पावणेएकला अंग तापल्यासारखं वाटलं. १००.६. नवरा म्हणाला, पंधरा मिनिटांनी परत बघू. मी हा धागा उघडून त्याच्यापुढे धरला. दोन वाजता आत होते. न्यूट्रोफिल ३००. इंजेक्शन घेऊनही. लगेच शिरेतून अँटिबायोटिक. घरातून बाहेर पाऊल न टाकताही ताप आला, जंतू बहुतेक वेळा आपल्याच तोंडा-आतड्यातले असतात म्हणे. म्हणजे सावईवेऱ्याला गेले असते तरी हेच झालं असतं की काय, हा विचार करायचा नाही असं ठरवलंय आणि सकाळपासून तोच करतेय.

आज ताप नाही.

---

सलाईन | ३१ ऑगस्ट, रात्री ११:३०

पावणेएक ते दोन. ताई, मी हे आमच्या डे-केअरमध्ये सांगणार आहे, नाव न घेता.

---

सुरंग | १६ ऑक्टोबर, रात्री ८:००

पॅक्लिटॅक्सेलची आज सहावी. २ ऑक्टोबरला दसरा आणि गांधी जयंती एकाच दिवशी आली, म्हणून ती एक शुक्रवारी झाली, बाकी गुरुवार सुटला नाही. एसीपेक्षा हे सोपं, अन्नाची चव परत आली. पण किमोआधीच्या स्टेरॉइडमुळे गुरुवारी रात्री झोप नाही. पहाटे तीनला मी नववीच्या वह्या तपासते, गुण जरा सढळ पडतात.

बोटांना मुंग्या. खडू हातातून सुटतो, ब्लाउजची हुकं मुलगी लावते. औषध चालू असताना हात-पाय बर्फात ठेवायला सांगितलं, नखं आणि नसा वाचाव्यात म्हणून. बर्फाच्या पिशव्या फोंड्याच्या मासळी बाजारातून. डे-केअरमध्ये बांगड्याचा वास येतो अशी तक्रार झाली. मुंग्या कोपरापर्यंत वाढल्या किंवा पाय अडखळायला लागले तर लगेच सांगा, मात्रा कमी करतात. मी दोन आठवडे लपवलं, औषध थांबवतील या भीतीनं. डॉक्टर ओरडले.

पाळी जूनमध्येच थांबली. वर्गात मध्येच घामाच्या धारा. मुलं पंखा वाढवतात.

---

ओहोटी | १७ जानेवारी २०२६, रात्री १०:१५

नवीन सदस्य आहे. म्हापशाहून. आईची पहिली किमो सोमवारी, हेच औषध, एसी. वय ६३. सगळा धागा वाचला. घरात थर्मामीटर आहे, पण पाऱ्याचा, जुना. चालेल का?

---

सुरंग | १७ जानेवारी, रात्री १०:४०

नको, डिजिटल आणा, दोन आणा. एक माझा त्या रात्री बॅटरी संपून बंद पडला होता, शेजारणीकडून मागून आणला. ('तें' म्हणणारीच. पावणेएकला दार उघडलं तिनं.)

आईंना सोमवारी हुमण वाढू नका. रेचक पहिल्या रात्रीपासून. भिंतीवरच्या कालनिर्णयावर १ ते २१ आकडे घाला, पण पेन्सिलीनं.

माझी शेवटची २७ नोव्हेंबरला झाली. मग १५ दिवस रेडिएशन, आता रोज टॅमॉक्सिफेनची (हार्मोन रोखणारी) एक गोळी. बोटं सत्तर टक्के परत आली.

---

सांखळीची माई | १७ जानेवारी, रात्री १०:५५

आणि केस?

---

सुरंग | १७ जानेवारी, रात्री ११:०२

दीड सेंमी. करडे आणि कुरळे. सासूबाई रोज सकाळी हात फिरवून बघतात आणि म्हणतात, आमच्या घराण्यात असले कुणाचे नव्हते.